अँबेसिडरसाठी इलेक्ट्रिक पेट्रोल पंप कसा निवडला: परतवाड्याकडची एक पूर्ण केस

गाडी अँबेसिडर मार्क थ्री, पेट्रोल, १४८९ सीसीचं इंजिन, वर सोलेक्स कार्बोरेटर आणि ब्लॉकला बोल्ट केलेला मूळचा मेकॅनिकल पेट्रोल पंप. मालक अचलपूर तालुक्यातले संत्रावाले, अख्खं गाव त्यांना काकाजी म्हणते. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली आणि घरात कोणाचंही लग्न असो, नवरदेव ह्याच गाडीत बसणार हे ठरलेलं. हिवाळ्यात गाडी अमरावतीला जाऊन येते, काही त्रास नाही, पण एप्रिल लागला की दुपारी दहा-पंधरा किलोमीटर झाले की खोकायला लागते, पिकअप सोडते आणि वरातीच्या स्पीडला तर हमखास बंद पडते. बोनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबलं की पुन्हा एका सेल्फात सुरू.

ज्यांनी उन्हाळ्यात जुनी अँबेसिडर नाहीतर फियाट चालवली त्यांना हे दुखणं पाठ आहे, आणि पंपावर ओला फडका टाकून पाणी मारत राहायचं हा उपायही पाठ आहे. काकाजींच्या डिक्कीत फडका आणि पाण्याची कॅन कायमच असायची. फडका टाकला की गाडी चालते म्हणजे निदान अर्धं तिथंच झालं, पण बाकी मेकॅनिक लोकांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, पंपाचं डायफ्राम (आतला हलणारा पडदा) किट टाकलं, कार्बोरेटर धुतला, आणि शेवटी एका गॅरेजवाल्यानं भंगारातून एका इंजेक्शनवाल्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप आणून बसवून दिला. तिथून पुढे ही केस आमच्या गॅरेजवर आली, कारण पंप चालू केल्याबरोबर कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायला लागला आणि पेट्रोल खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळावर) टपकायला लागलं. ह्या इंजिनमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर बरोबर गरम मॅनिफोल्डच्या वर बसतो. गाडी नुकतीच सुरू केली होती, मॅनिफोल्ड अजून थंड होतं आणि काकाजींच्या पुतण्याला वास आला म्हणून त्यानं लगेच चावी बंद केली. गरम इंजिनवर हेच झालं असतं तर गाडी जागेवर पेटली असती.

काकाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "काऊन गा बापू, पंप जेवढा जोराचा तेवढं पेट्रोल चांगलं येईल ना? मंग ह्या पंपानं असं काऊन केलं?"

हाच प्रश्न बहुतेक लोकांच्या मनात असतो म्हणून ह्याचं उत्तर नीट देतो. कार्बोरेटरच्या आत एक छोटी वाटी असते, त्यात फ्लोट तरंगतो आणि वाटी भरली की फ्लोट वर येऊन एका सुईला तिच्या सीटवर दाबतो, पेट्रोल बंद. पेट्रोल अडवायला त्या फ्लोटची तेवढीच ताकद, दुसरं काही नाही. आता समजा सीटचं भोक २ मिमी आहे. पंपाचं प्रेशर ३ पीएसआय (हे प्रेशरचं माप) असेल तर त्या सुईवर साधारण साडेसहा ग्रॅमचा दाब येतो, फ्लोट आरामात पेलतो. इंजेक्शनचा पंप ३ बारचा असतो म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास, तोच दाब ९५ ग्रॅमवर जातो. तेवढं वजन पेलायची फ्लोटची आणि त्याच्या एवढ्याशा दांडीची औकात नाही, सुई उघडीच राहते आणि वाटी वरून वाहते. सुई नवीन टाकली, फ्लोट सेटिंग केलं, तरी फरक पडत नाही, कारण बिघाड कार्बोरेटरमध्ये नाहीच.

आणि इंजिनला लागतं तरी किती? हे १४८९ सीसीचं इंजिन फुल ताकदीवर ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. एवढी ताकद सतत काढली तरी तासाला १६-१७ लिटर पेट्रोल पुरे, म्हणजे मिनिटाला तीनशे मिलीच्या आत. ६० च्या स्पीडनं चाललात आणि गाडी दहाचं अॅव्हरेज देत असेल तर मिनिटाला फक्त १०० मिली. बाजारातला सगळ्यात लहान इलेक्ट्रिक पंपही ह्याच्या दुपटी-तिपटीनं पेट्रोल देतो. म्हणून कार्बोरेटरच्या गाडीला पंप निवडताना किती लिटर देतो हे विचारत बसण्यात अर्थ नाही, पहिले विचारायचं प्रेशर किती आणि पंप बसणार कुठं. ह्या केसमध्ये तर मी म्हणेन की कुठं हा प्रश्न प्रेशरपेक्षाही मोठा होता.

पण नवा पंप आणायच्या आधी रोग तोच, म्हणजे व्हेपर लॉक (गरमीनं पेट्रोलची वाफ होऊन पाईपात अडकते आणि पेट्रोल पुढं जात नाही) आहे का हे पाहिलं. इंजेक्शनचा पंप काढून जुना मेकॅनिकल परत लावला आणि भर दुपारी गाडी तापवून मुद्दाम बंद पाडली. बंद पडली की लगेच एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहायचं आणि हातानं अॅक्सिलरेटरची दांडी ओढायची. पेट्रोलची धार आली तर वाटीत पेट्रोल आहे, मंग दोष कॉइल-कंडेन्सरकडे शोधा, गरम झाल्यावर मरणाऱ्या कॉइली भरपूर पाहिल्या आहेत आणि लक्षण अगदी असंच दिसते. इथं धार आलीच नाही. टाकीचं झाकण उघडलं, हवा आत ओढल्याचा आवाज नाही, म्हणजे झाकणाचं हवेचं भोक साफ. (हे भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि गाडी अश्शीच बंद पडते, तेव्हा हे फुकटातलं चेकिंग पहिले करा.) पंपाच्या हँड लिव्हरनं पंपिंग केलं तर पाईपातून पेट्रोल कमी आणि बुडबुडे जास्त. पंपाच्या अंगाला हात टेकवत नव्हता. व्हेपर लॉकच होता.

आता हे मेकॅनिकल पंपालाच काऊन होते ते समजून घ्या, कारण पंपाची जागा इथूनच ठरते. पेट्रोल पाण्यासारखं एका ठरलेल्या टेम्परेचरला उकळत नाही, त्यातला हलका भाग ३५-४० अंशालाच वाफ व्हायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास, अकोला-अमरावती-चंद्रपूरवाल्यांना वेगळं सांगायची गरज नाही, आणि बोनेटखाली तर त्याच्या कितीतरी वर. त्यात मेकॅनिकल पंप इंजिनवर बसून मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना टाकीपासून पंपापर्यंतच्या अख्ख्या पाईपात प्रेशर हवेपेक्षा कमी होते, आणि प्रेशर कमी झालं की पेट्रोल अजूनच लवकर उकळते. म्हणजे सगळ्यात कमी प्रेशर आणि सगळ्यात जास्त गरमी दोन्ही एकाच ठिकाणी, पंपाच्या तोंडाशी. वाफ दाबली जाते पण पुढं ढकलली जात नाही, पंप नुसताच हलत राहतो.

काकाजींना हे मी त्यांच्या विहिरीवरून सांगितलं. वरची मोनोब्लॉक मोटर सात-साडेसात मीटरच्या खालून पाणी ओढत नाही, हवा धरते, आणि तीच ताकद पाण्यात सोडलेल्या सबमर्सिबलला दिली की ती शेकडो फुटावरून पाणी वर ढकलते. ओढणं आणि ढकलणं ह्यात फरक आहे. ते लगेच म्हणाले, "म्हणजे पंप टाकीपाशी लावाचा." बस, तेवढंच. पंप मागं टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या लेव्हलला किंवा खाली बसवला तर त्याला काहीच ओढावं लागत नाही, पेट्रोल आपोआप त्याच्यात येते, आणि पुढचा पूर्ण पाईप प्रेशरखाली राहते म्हणून वाफ धरायची शक्यता खूप कमी होते. इलेक्ट्रिक पंप बोनेटखाली जुन्या पंपाच्या शेजारी लावून देणारे लोक पाहिले आहेत, वायर छोटी लागते म्हणून. तसं केलं तर पैसे गेले आणि रोग तिथंच.

इथेनॉलचंही बोललं पाहिजे. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडं तेच मिळायला लागलं. इथेनॉल एकटं ७८ अंशाला उकळते, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की त्यातल्या हलक्या भागासोबत मिळून अजून सहज वाफ होते. त्याच्यापेक्षा मोठा त्रास रबराचा. सत्तरच्या दशकातले रबर, कॉर्कचे गॅस्केट, जुने डायफ्राम हे ह्या पेट्रोलसाठी बनलेच नव्हते, फुगतात, मऊ पडतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. काकाजींच्या गाडीतला टाकीजवळचा रबरी पाईप बोटानं दाबला तर आतून काळा भुगा निघाला, आणि तोच भुगा कार्बोरेटरच्या जेटमध्ये सापडला. म्हणजे पंप कितीही भारी आणला असता तरी तो असा पाईप असताना चालला नसता.

आता पंपांच्या जाती. एक म्हणजे सॉलिनॉइडचा (विजेच्या चुंबकावर चालणारा), आत प्लंजर आणि स्प्रिंग, टक-टक असा आवाज करतो, छोटा चौकोनी डबा असतो, करंट एक-दीड अँपिअर. ह्याचं प्रेशर स्प्रिंगच ठरवते, म्हणून कार्बोरेटर भरला की पंप स्वतःच हळू होतो आणि जवळपास थांबतो, वेगळं काही लावावं लागत नाही. दुसरा फिरणारा व्हेनचा, गुणगुणतो, प्रेशर बहुतेक वेळा जास्त, त्याला रेग्युलेटर लागतो आणि कचरा अजिबात सहन होत नाही. तिसरा इंजेक्शनचा, तो टाकीच्या आत पेट्रोलात बुडून थंड राहायला बनलेला असतो आणि जास्तीचं पेट्रोल परत जायला रस्ता लागतो. रेग्युलेटर लावून इंजेक्शनचा पंप चालवता येते असं सांगणारे भेटतील. रिटर्न लाईनवाला रेग्युलेटर लावून येते खरं, पण ४३ पीएसआयचा पंप आणून ३ वर उतरवायचा आणि मधला रेग्युलेटर कधी अडकला की पुन्हा मॅनिफोल्डवर पेट्रोल, हे मला पटत नाही. गावखेड्यात जी गाडी वर्षातून थोडी चालते आणि जिच्यात घरची लेकरं बसतात तिच्यात बिघडू शकणाऱ्या वस्तू जेवढ्या कमी तेवढं बरं. म्हणून सॉलिनॉइड.

प्रेशर किती घ्यायचं? सोलेक्ससारख्या साध्या कार्बोरेटरला २ ते साडेतीन पीएसआय बरोबर. एस.यू. कार्बोरेटर असेल तर तो अजून नाजूक, दीड ते ३ च्या आत ठेवा. पंप खाली आणि कार्बोरेटर वर असल्यामुळं अर्धा मीटर उंचीला अर्धा पीएसआय वाटेतच जाते, हेही धरून चालायचं. इथं बाजारातली एक अडचण सांगतो. हे चौकोनी डबे दिसायला सगळे सारखे, डिझेल गाडीचा लिफ्ट पंपही तसाच दिसते, आणि दुकानदार "चालते भाऊ, सब चलता है" म्हणून हातात देतो. आम्ही दोन मागवले, दोन्हीच्या डब्यावर सारखंच प्रेशर छापलेलं, बेंचवर गेज लावलं तर एक ५ च्या वर गेला आणि एक ३.३ ला थांबला. पाचवाला परत पाठवला. म्हणून म्हणतो की डब्यावरचं वाचून पंप बसवू नका, ० ते १५ पीएसआयचं छोटं गेज घ्या. हवेच्या कॉम्प्रेसरचं १५० वालं गेज इथं कामाचं नाही, त्यात ३ आणि ६ मधला फरकच कळत नाही.

बसवायला डिक्कीच्या फ्लोअरखालची जागा घेतली, सायलेन्सरच्या उलट बाजूला, आउटलेट वर करून पंप उभा. रबरी बुशवर बसवला नाहीतर टक-टक अख्ख्या बॉडीत घुमते. पण रबरावर बसवला की पंपाला बॉडीची अर्थ मिळत नाही, त्याला वेगळी अर्थची वायर, रंग खरडून चमकणाऱ्या पत्र्यावर. खालून एक पत्र्याचं गार्ड लावलं, कारण पावसाळ्यात काकाजींच्या बागेच्या रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल चाकाला असा चिकटते की फेंडर भरून जाते, आणि तो वाळला की दगड. टाकी आणि पंप ह्याच्या मधे मोठ्या जाळीचा फिल्टर, आणि पंपाच्या पुढं कार्बोरेटरजवळ बारीक कागदाचा. उलटं करू नका. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला की पंपाला पुन्हा ओढावं लागते आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच परत येते. पाईप सगळा नवा, आर-९ छापलेला फ्युएल होज, क्लिप गोल दाबणाऱ्या. पारदर्शक प्लास्टिकचा पाईप मोटरसायकलवाल्याकडून आणून लावायचा मोह होतो, गरम बोनेटखाली तो लावू नका.

जुन्या मेकॅनिकल पंपाचं काय करायचं ह्यावर गॅरेजवर जोरात वाद झाला. आमच्या पोराचं म्हणणं होतं की तो जागेवरच राहू द्या, दोन्ही पंप लाईनमध्ये, एक गेला तर दुसरा. ऐकायला चांगलं वाटते. पण त्या पंपाच्या डायफ्रामच्या खालची बाजू सरळ इंजिनच्या चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या भागात) उघडते. डायफ्राम फाटला आणि मागून इलेक्ट्रिक पंप ढकलून राहिला तर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये. ऑइल पातळ होते, बेअरिंग जातात, आणि चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ भरते ते वेगळंच. इथेनॉलच्या जमान्यात जुन्या डायफ्रामवर मी तेवढा भरवसा ठेवणार नाही. म्हणून पंप काढला, ब्लॉकच्या भोकावर सहा मिमीची लोखंडी प्लेट गॅस्केटसकट बोल्ट केली आणि पाईप सरळ कार्बोरेटरपर्यंत नेला. जुना पंप दुरुस्त करून, दोन गॅस्केट आणि पाईपाच्या तुकड्यासकट पिशवीत घालून डिक्कीत ठेवला, इलेक्ट्रिकनं रस्त्यात दगा दिला तर दोन पान्यांत जुनी पद्धत परत लागते.

वायरिंग हा भाग लोक सगळ्यात घाईत करतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायला पाहिजे. मेकॅनिकल पंपात एक मोठा गुण होता, इंजिन थांबलं की पंप थांबला. इलेक्ट्रिक पंप चावी चालू आहे तोवर चालत राहतो. समजा गाडी ठोकली, पाईप तुटला, ड्रायव्हर बेशुद्ध, चावी चालूच, आणि मागून पंप पेट्रोल फेकून राहिला. हे होऊ द्यायचं नाही. त्यासाठी ऑइल प्रेशरच्या जागेवर टी (तीन तोंडाचा जोड) लावून दुसरा एक प्रेशर स्विच बसवला, जो प्रेशर आल्यावर जोडतो आणि प्रेशर गेलं की तोडतो. डॅशबोर्डच्या लाल दिव्याचा जो स्विच असते तो उलटा चालते, तो इथं लागू नाही. रिलेच्या (छोट्या करंटनं मोठं सर्किट जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला चावीतून सप्लाय आणि अर्थ ह्या स्विचमधून, त्यामुळं इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद. सुरू करताना ऑइलचं प्रेशर नसते म्हणून समांतर प्राइमिंगचं, म्हणजे वाटी आधीच भरून घ्यायचं, एक स्प्रिंगवालं पुश बटन, तीन-चार सेकंद दाबून धरायचं, वाटी भरली की सोडायचं आणि सेल्फ मारायचा. स्विच ५ पीएसआयच्या आसपास जोडणारा घेतला, कारण जुन्या इंजिनचं गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशर फार कमी होते आणि जास्तीचा स्विच घेतला असता तर सिग्नलवर पंपच बंद पडला असता. सोबत एक इनर्शिया स्विच, झटका लागला की सर्किट तोडणारा, काही इंजेक्शन गाड्यांत येतो आणि भंगारात मिळून जातो. तो उभा आणि घट्ट बसवावा लागते, आणि बसवल्यावर हातानं ठोकून ट्रिप होते की नाही ते पाहावं लागते.

पंपाची मेन वायर बॅटरीतून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेला, तिथून मागं. आधीच्या गॅरेजवाल्यानं चावीच्या जुन्या वायरीतून सरळ जोडली होती, तिथं पंपाच्या टोकाला साडेदहा व्होल्ट मिळत होते. रिलेनंतर इंजिन चालू असताना १३ च्या जवळ. आणि सगळ्यात पहिले बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा. जुन्या ब्रिटिश डिझाइनच्या गाड्यांत प्लस अर्थ असायची, आणि आतमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असलेला पंप उलटा जोडला की क्षणात जातो. ह्या गाडीला मायनस अर्थच निघाली, पण पाहूनच वायर लावली.

सगळं जोडल्यावर गाडी थंड असताना, बॅटरीपासून लांब, कार्बोरेटरकडचा पाईप काढून बाटलीत सोडला आणि बटन दाबलं. अर्धा मिनिटात अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल आलं, गरजेच्या तिपटीपेक्षा जास्त. मंग पाईप परत लावून टी मध्ये गेज, बटन दाबलं, काटा २.८ ला येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. ह्या वेळी पंपाचा आवाज ऐकून ठेवा. सुरुवातीला टकटकटकटक असा भराभर, मंग वाटी भरत आली की टक... टक..., आणि मंग मधेच एखादी टक. बटन दाबून धरलेलं असताना आवाज हळू झालाच नाही तर समजा पेट्रोल कुठंतरी जाऊन राहिलं आहे, एकतर सुई धरत नाही नाहीतर पाईप लीक आहे, नाहीतर टाकी रिकामी आहे आणि पंप हवा ओढून राहिला. काकाजींना कानानं थोडं कमी येते म्हणून हे पुतण्याला शिकवलं, आता तो सेल्फ मारायच्या आधी मागं कान देऊन ऐकतो.

टेस्टसाठी मे महिन्यात दुपारी दोनच्या उन्हात परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट घेतला. मुद्दाम हाच रस्ता, कारण दुसऱ्या गिअरमध्ये सतत चढ, स्पीड कमी म्हणून रेडिएटरला हवा कमी, आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळं हवेचं प्रेशर कमी, म्हणजे पेट्रोल अजून लवकर उकळणार. चार माणसं, डिक्कीत पाण्याच्या कॅन. गेज वाइपरजवळ काचेवर टेपनं लावून ठेवलं होतं आणि पाईप बोनेटच्या फटीतून काढला होता (टेस्टपुरतंच, असं कायम ठेवू नका, आणि पेट्रोलचं गेज गाडीच्या आत तर कधीच घेऊ नका). पूर्ण घाटात काटा अडीचच्या खाली गेला नाही. काकाजी मागच्या सीटवर बसून होते, वर पोहोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि पहिल्या पॉईंटला गाडी थांबल्यावर डिक्कीतला तो फडका काढून त्यांनी हात पुसले.

पण काम पूर्ण झालं असं नाही, आणि हे लिहिलं नाही तर केस अर्धवट राहील. वर चहाला गाडी बंद करून वीस मिनिटं उभी ठेवली आणि परत सेल्फ मारला तर लागली नाही, पेट्रोलचा वास, प्लग ओले. हा व्हेपर लॉक नाही, हा वेगळा रोग. गाडी चालू असताना वाटीत सतत थोडं गार पेट्रोल येत राहते, बंद केली की पंखा थांबला, खालच्या मॅनिफोल्डची पूर्ण गरमी वर कार्बोरेटरमध्ये चढली आणि वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यातून इंजिनमध्ये सांडलं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, गरम गाडी सुरू होत नाही, पण एकात पेट्रोल पोहोचत नाही आणि दुसऱ्यात जास्तीचं होते. पंप कोणताही लावा, ह्याला उपाय पंपात नाही. त्या वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, पंपिंग न करता, प्राइमिंगचं बटन न लावता सेल्फ मारला आणि गाडी लागली. ज्यांच्या गाडीला हा त्रास आहे त्यांनी इलेक्ट्रिक पंपावर पैसे खर्च करायच्या आधी ह्या दोन्हीतला फरक ओळखा.

उतरल्यावर कार्बोरेटरखाली जाड बेकलाइटचा स्पेसर आणि मॅनिफोल्डच्या वर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची शिल्ड बसवली. स्पेसरनं कार्बोरेटर थोडा वर गेला म्हणून अॅक्सिलरेटरची लिंक अॅडजस्ट करावी लागली आणि एअर क्लीनर बोनेटला घासते का ते मातीचा गोळा ठेवून, बोनेट लावून-उघडून पाहिलं. आता गरम गाडी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फात लागते, पहिल्यात नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी कार्बोरेटरजवळून टाकीत एक बारीक रिटर्न लाईन टाकायचा विचार आहे, एक मिमीच्या भोकाचा जेट लावून, म्हणजे पाईपातलं पेट्रोल फिरत राहील आणि वाफ झालीच तर ती परत टाकीत जाईल. पंपात पेट्रोल भरपूर शिल्लक आहे, त्यामुळं तेवढं परत पाठवायला अडचण नाही.

टाकीचं अजून एक. नवीन पेट्रोलनं जुन्या टाकीतला गंज आणि गोंद सुटून येते, पहिला जाळीचा फिल्टर लवकरच लाल पडला, तो बदलला, दुसराही पडेल. टाकी काढून आतून साफ करायची आहे पण लग्नसराई संपल्याशिवाय काकाजी गाडी सोडत नाहीत. तोवर पुतण्याला सांगितलं आहे की फिल्टर दर पंधरा दिवसांनी पाहायचा, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवायची नाही, एकतर भरून ठेवायची नाहीतर पूर्ण रिकामी, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेते आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसते, आणि पंप पहिले तेच उचलतो.

"आणि फडका?" पुतण्यानं विचारलं होतं.

काकाजी म्हणाले, "राहू दे डिक्कीत, काच पुसाले कामी येते."

तसा तो आहे अजून, जुन्या पंपाच्या पिशवीवर.